बिल तपासता, औषध कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि वर्तमानपत्रांतून तिच्यावर भरपूर छापून आले. मुदतीच्या नोकरीवाल्याला वर्षभरात ग्रॅच्युइटी, भत्ते फुगवून मूळ वेतन निम्म्याच्या खाली ठेवता येणार नाही, घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांचीही नोंद होणार. सगळे वाचले. कामावर जखमी झालेल्या माणसाच्या औषधांबद्दल मात्र कुठे ओळ दिसली नाही. आमच्यासारख्यांचा तो रोजचा विषय, म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री लावायचीच तर मधल्या किमतींच्या भागाला लावा, शेवटाला नको.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीच्या कडेला माझे औषधांचे दुकान आहे. पंचवीसेक वर्षे झाली. आजूबाजूला प्रेस शॉप, शीट मेटल, प्लेटिंग, डाय-कास्टिंग असे छोटे-मोठे कारखाने आहेत. शिफ्ट सुटली की गर्दी होते आणि त्या गर्दीत महिन्यातून काही वेळा तरी बँडेज बांधलेला एक हात काउंटरवर येतो. त्याच्यामागे बहुधा ठेकेदाराचा सुपरवायझर असतो, बगलेत प्लास्टिकची फाइल. "ताई, पक्कं बिल द्या, डब्ल्यूसीला लावायचंय." डब्ल्यूसी म्हणजे ठेकेदाराने उतरवलेली कामगार भरपाईची पॉलिसी. कायद्याच्या नावातले 'वर्कमेन' २०१० सालीच जाऊन 'एम्प्लॉई' आले, पण वसाहतीत अजून सगळे डब्ल्यूसीच म्हणतात.

ती फाइल पुढे जाते आणि कधीकधी परत येते. बिलावर डॉक्टरांचा शिक्का दिसत नाही, तारीख दवाखान्याच्या कार्डाशी जुळत नाही, जीएसटी क्रमांक पुसट आहे, पेशंटच्या नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणे नाही. असे कागद मी कितीतरी दुरुस्त करून दिले. पण "ही गोळी पाच दिवसांची होती, हा माणूस चौथ्या महिन्यातही ती का घेतोय?" असा प्रश्न घेऊन एकही फाइल आजवर माझ्याकडे आलेली नाही. दाव्यात बिलाची रक्कम तपासतात, तारीख तपासतात, शिक्का तपासतात. औषध कोणी तपासत नाही. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, बाकीचा मजकूर त्याचा पुरावा.

कायदा किती बारकाईने लिहिता येतो हे पाहायचे तर १९२३ च्या, आता संहितेत विलीन झालेल्या, कामगार भरपाई कायद्याची पहिली अनुसूची काढून बघा. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९, हाड शाबूत राहून नुसता शेंडा उडाला तर ५. बोटाच्या पेराचा असा हिशेब करणाऱ्या कायद्यात औषधोपचारासाठी २००९ पर्यंत काही नव्हते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने एक पोटकलम आले: कामावर झालेल्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यावा. नव्या संहितेतही ते आहे. चांगले कलम आहे, त्यासाठी माणसे झगडली असतील. पण 'प्रत्यक्ष झालेला खर्च' म्हटले की पुढे फक्त पावती उरते. खर्च कशावर झाला, तो हवा होता का, त्याने हात बरा झाला का, यातले काही त्या वाक्यात मावत नाही.

ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, कार्ड ज्याच्याकडे आहे त्याचे तरी निराळे असते. २१ हजारांपर्यंत पगार, दवाखाना ठरलेला, औषध तिथूनच, कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के रक्कम. तिथे रांगा आहेत, औषध संपल्याच्या पाट्या आहेत, पण एक कार्ड आहे आणि त्यावर मागचे औषध लिहिलेले आहे. ज्याचा पगार त्याहून जास्त, किंवा ज्याचे पैसे कापले जातात पण नंबर अजून 'आलेला नाही', तो डब्ल्यूसीच्या रांगेत जातो. त्या पॉलिसीत औषधपाण्याचा खर्च बहुधा वेगळा हप्ता भरून जोडून घ्यावा लागतो आणि त्यालाही मर्यादा घालतात. ठेकेदार ती शक्य तेवढी कमी घालतो. पहिल्या आठवड्यात ऑपरेशन आणि खोलीचे भाडे यातच ती संपते. पुढची औषधे कागदावर मालकाच्या नावावर आणि खऱ्यात कामगाराच्या खिशातून.

आता किमती. जखमी हाताची चिठ्ठी साधारण अशी असते: एक अँटिबायोटिक, एक पित्ताची गोळी, एक दुखण्याची, एक सुजेची, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, आणि पेशंटला पॉलिसी आहे हे कळले असेल तर प्रोटीन पावडरचा डबा. यातली सुजेची गोळी पाहा. ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची एक गोळी वीस रुपयांच्या आसपास पडते आणि ती दिवसातून तीनदा घ्यायची असते. दुसरी असते सेराटिओपेप्टिडेज, ती तर दुखण्याच्या गोळीतच मिसळून येते. हे औषध जिथून जगभर गेले त्या जपानमध्ये २०११ साली मूळ कंपनीने ते बाजारातून काढून घेतले, कारण नव्या चाचण्यांत ते नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. आपल्याकडे अजून मी रोज विकते. चिठ्ठीवर असते, द्यावे लागते.

या मिश्रणांचे प्रकरण तर वेगळेच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एका फटक्यात १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल (अफूवर्गातले कडक वेदनाशामक), टॉरिन आणि कॅफिन अशी चारजणांची एक गोळी त्यात होती. झोप आणणारे आणि झोप उडवणारे एकाच वेष्टनात! कोणाच्या डोक्यातून हे आले असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. जनऔषधी केंद्रात साधी दुखण्याची गोळी ब्रँडच्या तुलनेत ५० ते ८० टक्के स्वस्त मिळते असे सरकारच सांगते आणि ते खरे आहे, मी धंद्यात असून सांगते. पण दाव्याच्या फाइलमध्ये स्वस्त औषध घेण्याचा फायदा कोणालाच नाही. डॉक्टरांना नाही, नर्सिंग होमच्या दारातल्या मेडिकलला नाही, आणि पैसे परत मिळणार असे सांगितलेल्या कामगाराला नाही. मर्यादा संपते तेव्हा फक्त त्यालाच कळते की सुजेच्या गोळ्यांत गेलेले पैसे पुढच्या फिजिओथेरपीला हवे होते. फिजिओथेरपीच्या पावत्या कशा अडकतात हा आणखी एक विषय आहे, आज नको.

पैशांचे झाले. मला जास्त सलते ते पुढचे.

सुरगाणा तालुक्यातला एक पोरगा, विशीतला. प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटे गेली. जखम भरली, टाके निघाले. तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई कायद्याने दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार; आणि २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे पगार त्याहून कितीही जास्त असला तरी हिशेब १५ हजारांवरच. ओव्हरटाइम धरून घर चालवणाऱ्याला निम्म्यावर किती दिवस काढता येतात? तो कामावर परतला. बोटे नसलेल्या जागी रात्री ठणका लागायचा. गेलेल्या बोटांत कळ येते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला वाटायचे आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलेय. डिस्चार्ज कार्डावर ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल पाच दिवसांसाठी लिहिलेले. ते कार्ड घडीवर झिजून फाटेपर्यंत तो वसाहतीत दुकानोदुकान फिरवत राहिला. मी दुसऱ्यांदा दिले नाही, तेव्हा म्हणाला, "ताई, रागावू नका, पण कोपऱ्यावर देतात."

देतात, हे खरे आहे. ट्रामाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये आहे. मार्च २०१४ पासून त्या यादीतल्या औषधांसाठी वेगळे रजिस्टर ठेवायचे, डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध किती ते लिहायचे आणि ते तीन वर्षे जपायचे असा नियम आहे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले, पंजाबात त्याचे व्यसन पसरले ते पाहून. नियमांना तोटा नाही. पण माझ्या रजिस्टरात त्या पोराचे नाव एकदा, कोपऱ्यावरच्या रजिस्टरात लिहिले असलेच तर एकदा, सातपूरला एकदा. तिन्ही वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. या सगळ्या पावत्या एकत्र येतील अशी जागा एकच, ती म्हणजे त्याच्या दाव्याची फाइल. आणि तिथे बेरीज फक्त रुपयांची होते.

त्या गोळीसोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे घेऊन वाहन किंवा यंत्र चालवू नका. आमचा माणूस ती घेतो यंत्र चालवता यावे म्हणून.

ट्रामाडॉलच कशाला, साध्या दुखण्याच्या गोळीचेही तेच. सुपरवायझरच्या खणात डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या पडलेल्या असतात, कोणी कण्हला की कात्रीने दोन कापून द्यायच्या. प्रथमोपचाराची पेटी भिंतीवर असते, तिच्यात कापूससुद्धा नसतो. महिनोन् महिने उपाशीपोटी डायक्लोफेनॅक, वर संध्याकाळी देशी, आणि मग पोटातून रक्त किंवा मूत्रपिंडाचा त्रास. गुरांना डायक्लोफेनॅक देण्यावर २००६ साली बंदी आली, कारण ती गुरे मेल्यावर खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. माणसांच्या मोठ्या कुप्या वापरून लोक ती बंदी चुकवू लागले, तेव्हा २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपीही तीन मिलिलिटरची केली. गिधाडे वाचायलाच हवीत, माझी काही तक्रार नाही. पण तेवढी नजर प्रेस ऑपरेटरच्या मूत्रपिंडावर कोणी ठेवली तर बरे होईल.

आता ज्या भागाला कात्री लावू नका म्हटले तो. मालकाने भरपाई कधी द्यायची नाही, हेही कायद्यात आहे. इजा होताना कामगार दारूच्या किंवा मादक औषधाच्या अमलाखाली होता आणि इजा थेट त्यामुळे झाली, तर मालक जबाबदार नाही. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ही पळवाट चालत नाही, पण दोन बोटे जाणे 'अंशतः' अपंगत्वात मोडते. नव्या संहितेतही हे कलम तसेच आले आहे. म्हणजे पाहा: पहिल्या अपघाताच्या ठणक्यावर जी गोळी सुरू झाली, जिचे पहिले बिल त्याच पॉलिसीने भरले, तीच गोळी दुसऱ्या अपघातात त्याचा हक्क खाऊ शकते. हे मी कल्पनेने लिहीत नाही. आमच्याकडच्या एका कारखान्यातल्या फोर्जिंगवरच्या माणसाला दुसऱ्यांदा इजा झाली. त्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली आणि अहवालात 'गुंगीच्या गोळ्या घेण्याची सवय' अशी ओळ पडली. त्याची बायको चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली, या गोळ्या डॉक्टरांनीच दिल्या होत्या हे लिहून द्या म्हणाली. मी माझ्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल सही-शिक्क्यासह दिली. शेवटी तडजोड झाली, हातात किती आले ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

हे फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. अमेरिकेत तर कामगार भरपाईच्या फायलींनीच अफूवर्गीय गोळ्यांच्या मोठ्या संकटाची लवकर चाहूल दिली. वॉशिंग्टन राज्यात कामगार भरपाई सरकारी निधीतून चालते. तिथल्या डॉक्टरांनी मृत्यूच्या नोंदी आणि दावे एकमेकांशी ताडून पाहिले. १९९५ ते २००२ या काळात भरपाईच्या दाव्यांतली ३२ माणसे अफूवर्गीय वेदनाशामकांचा डोस जास्त होऊन गेली असावीत, असे त्यांना आढळले आणि २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. कामावरचे दुखणे आणि पोचले कुठे! टेक्सासने १ सप्टेंबर २०११ नंतरच्या इजांसाठी औषधांची बंद यादी आणली. यादीबाहेरचे औषध हवे तर डॉक्टरने आधी कारण द्यायचे. जुन्या दाव्यांना मात्र त्यांनी २०१३ पर्यंत मुदत दिली, म्हणजे डॉक्टरांना रुग्णाशी बोलून औषध बदलायला वेळ मिळाला. ओहायोच्या सरकारी भरपाई मंडळाने २०११ मध्ये मोजदाद केली तेव्हा आठ हजारांहून जास्त जखमी कामगार या गोळ्यांवर अवलंबून झालेले निघाले. २०१७ च्या अखेरीस तो आकडा ३,३१५ वर आला. मोजले म्हणून कळले आणि कळले म्हणून कमी झाले. मोजायला त्यांच्याकडे काय होते? दाव्यातच औषधाचे नाव, डोस आणि दिवस लिहिलेले होते.

त्यांच्याकडचे सगळे उचलावे असे मी म्हणत नाही. गोळी एकदम तोडल्याने माणसे हाल भोगतात, काही जीव देण्यापर्यंत जातात, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाला एप्रिल २०१९ मध्ये द्यावा लागला. आपल्याकडे धोका आणखी वेगळा आहे. 'औषध तपासणी' हा शब्द ऐकताच विमा कंपनीला नकाराचे नवे कारण सापडेल. बोट तुटलेल्याला कडक वेदनाशामक लागते, ते त्याला मिळालेच पाहिजे. कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळवताना या देशात किती दारे वाजवावी लागतात ते मी पाहिले आहे. भीतीपोटी आणखी एक दार बंद व्हायला नको. म्हणून तपासणी पेशंटची नको, चिठ्ठीची हवी, आणि प्रश्न विचारायचा तो डॉक्टरांना.

करायला फार काही लागत नाही. आमच्या प्रत्येक पक्क्या बिलावर औषधाचे नाव, बॅच, नग, डॉक्टरचे नाव असतेच. दावा दाखल करताना त्यातले औषध मूळ नावाने, ब्रँडने नव्हे, एका कागदावर उतरवावे. किती दिवसांसाठी आणि कधी थांबवायचे तेही डॉक्टरांनी तिथेच लिहावे. एच-१ मधले कोणतेही औषध सहा आठवड्यांच्या पुढे गेले तर विमा कंपनीच्या फार्मासिस्टने डॉक्टरांना एक फोन करावा. सहा आठवडे हा माझा अंदाज आहे, अस्थिरोगतज्ज्ञांनी बसून वेगळा ठरवावा. पैसे मूळ औषधाच्या वाजवी दराने मिळावेत आणि वाचतील ते त्याच मर्यादेत फिजिओथेरपीला वळवता यावेत. कंपनीत फार्मासिस्ट नसेल तर नेमावा, बी.फार्म. होऊन मोबाइलच्या दुकानात बसलेली मुले नाशकात पैशाला पासरी आहेत. आणि डॉक्टरने लिहिलेली, दाव्यात नोंदलेली गोळी 'मादक औषधाच्या अमला'त धरू नये, असे संहितेखालच्या नियमांत एका वाक्यात स्पष्ट करावे. हे वाक्य नसेल तर बाकीची नोंद कामगारावरच उलटेल, कारण मग त्याच्या फाइलमध्ये त्याच्याविरुद्धचा पुरावा आपणच नीटनेटका लावून दिलेला असेल.

ज्यांना गोळी सुटत नाही अशांसाठी १४४४६ हा केंद्राचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. मी तो काउंटरच्या काचेवर चिकटवला आहे. वसाहतीतल्या हजेरीच्या यंत्राशेजारी तो लावायला कोणत्याही मालकाला पैसे पडणार नाहीत. पण मला विचाराल तर भरपाईचे दावे ज्यांच्यासमोर चालतात त्या कार्यालयाने आधी एक करावे: गेल्या वर्षी निकाली काढलेल्या दाव्यांपैकी शंभर फायली काढाव्यात आणि जोडलेल्या बिलांत कोणते औषध किती दिवस गेले ते एखाद्या फार्मसी कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. फायली तिथेच आहेत, बिलेही आहेत. माझी कितीतरी बिले त्यांत असतील, तीही काढावीत.

आपली,
एक औषधविक्रेती
अंबड, नाशिक
(नाव-पत्ता आपल्या कार्यालयाला कळवला आहे, छापू नये ही विनंती.)